सर्व्हेअर येईपर्यंत

गुरुवार, २१ ऑगस्ट

शेजारचे रहेमानभाई म्हणाले, "जे झालं ते तारखेनुसार लिहून ठेव, भूषण. क्लेमच्या वेळी माणसाला काही आठवत नाही." म्हणून कंपनीने दिवाळीला दिलेली ही डायरी काढली. वरच्या खोलीत होती, म्हणून कोरडी राहिली.

काल दुपारी मागची नासर्डी नदी आमच्या घरात आली.

मी अंबडला कंपनीत होतो. पाळी सुटायला अवकाश होता. राखीचा फोन आला, "अहो, मागच्या दाराखालून पाणी येतंय." मी म्हणालो, "पोतं लाव दाराला." थोड्या वेळाने पुन्हा फोन. "दारच गेलं," एवढं बोलली आणि फोन बंद.

गाडी काढली तर रस्ते तुंबलेले. पाथर्डी फाट्याकडून फिरून कसाबसा आलो, तेव्हा आमच्या रांगेतल्या सगळ्या रो-हाऊसांचे खालचे मजले अर्धे पाण्यात होते. वरच्या गॅलरीत राखी उभी होती. आई तिच्या मागे, पदर डोक्यावरून घेतलेला. मला बघून आईने हात वर केला, बस थांबवतात तसा. गल्लीच्या तोंडाशी दोरी धरलेली माणसं मला पुढे जाऊ देईनात. मी तिथेच उभा राहिलो. दुसरं काही करता आलं नाही.

आमची लेक सम्यका शाळेत अडकली होती, तिच्या मैत्रिणीच्या आईने घरी नेली. आज सासरे येऊन तिला एसटीने येवल्याला घेऊन गेले. बरं झालं.

आईचे गुडघे गेलेले. वर्षभरात ती जिना चढली नव्हती. राखीने तिला एक पायरी ओढत, एक पायरी ढकलत वर नेलं, असं आई सांगते. राखी काही सांगत नाही. मीही विचारलं नाही, बाकीचंच इतकं होतं.

पाणी सकाळी उतरलं. खाली चिखल, घोट्याच्या वर. फ्रिज उताणा पडलेला, आईची कॉट दारात आडवी, गव्हाचं पिंप फुटून चिखलात गहू. भिंतींना हात लावला तर पोपडा हातात येतो. चार वर्षांपूर्वी हे घर मी घेतलं. राखीला फाट्याकडचा फ्लॅट आवडला होता, तिसऱ्या मजल्यावरचा. मला स्वतःच्या पायाखालची जमीन हवी होती.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

विमा आहे! कर्ज देताना बँकेने घराची पॉलिसी गळ्यात मारली होती. तेव्हा मी कटकट केली होती. आज बँकेतून नंबर मिळवला, फोन लावला. पुराचं पाणी त्यात धरलेलं आहे, असं पलीकडची बाई म्हणाली. किती गोड वाटला तिचा आवाज. म्हणाली, "नुकसान झालेल्या वस्तू टाकून देऊ नका, सर. सर्व्हेअर येऊन पाहणी करतील."

रहेमानभाईंना सांगितलं. त्यांचं सातपूरला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. मागे एकदा नाल्याचं पाणी शिरलं, तेव्हा त्यांनी पोरं लावून सगळं धुऊन काढलं. मग सर्व्हेअर आला. "तो बोलला, इथे तर काहीच दिसत नाही चाचा. क्लेम गेला माझा," रहेमानभाई म्हणाले. "तू हात नको लावू कशाला. समजलं?"

समजलं. मी क्वालिटीत आहे. आमच्याकडे बाद झालेला माल निर्णय होईपर्यंत जागचा हलत नाही, त्याला लाल टॅग लागतो. संध्याकाळी कंपनीतून टॅग आणले आणि एकेका वस्तूला बांधले. फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉट, कपाट. दिवाणाच्या पायाला. राखी जिन्यात बसून बघत होती. म्हणाली, "मलाही बांधा एक."

थट्टा करायची ही वेळ आहे का?

शनिवार, २३ ऑगस्ट

आज आईवर ओरडलो. लिहून ठेवतो, कारण तेव्हापासून चैन नाही.

पाळीवरून आलो तर आई खाली, साडी खोचलेली, हातात खराटा. हॉलचा एक कोपरा तिने खरवडून काढला होता.

"आई! हात लावू नकोस म्हणालो होतो ना?"

"आरं, घर हाय का उकिरडा? लय वास मारतोय. विहारातल्या बाया भेटाया येतील, त्यांना कुठं बसवू?"

"सर्व्हेअर येऊ दे. मग मी स्वतः धुतो सगळं."

"कवा येनार त्यो?"

"येईल. त्याने हे असंच बघितलं पाहिजे, नाहीतर एक पैसा मिळणार नाही. कळतंय का तुला? घर जाईल आपलं!"

मोठ्याने बोललो. आईने खराटा भिंतीला टेकवून ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "बरं बाबा. नाय लावत." मग मी तिने खरवडलेल्या कोपऱ्यात पुन्हा फावड्याने चिखल ओढला. राखी वरून म्हणाली, "फोटो काढलेत ना तुम्ही? चांगले शंभरभर काढलेत. मग?" फोटो कुणीही काढतं. माणसाने डोळ्यांनी बघावं लागतं. हे तिला पटत नाही.

आईच्या पायात बरणीची काच गेली होती, तेही तेव्हा कळलं. तिने जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. मी हळद लावून दिली. फार खोल नाही.

आईला वरच्या कमोडची सवय नाही, गुडघे दुखले तरी ती खालच्याच संडासात जाते. तिच्यासाठी चिखलातून विटा टाकून वाट केली आहे. ती म्हणते, विटांवर गुडघा डगमगतो, त्यापेक्षा चिखलातून बरं. चप्पल रुतून बसते म्हणून अनवाणीच.

सोमवार, २५ ऑगस्ट

सर्व्हेअर नेमला. मुझफ्फर सय्यद नाव. स्वतः फोन केला त्यांनी, बोलायला सभ्य वाटले. उद्या येतो म्हणाले.

संध्याकाळपासून परत झड लागली आहे. धरणातून पाणी सोडलंय. रहेमानभाई गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊन आले, पाणी दुतोंड्या मारुतीच्या पुतळ्याच्या छातीला लागलंय म्हणाले. गोदावरी फुगली की नासर्डीला पुढे जायला वाट राहत नाही, ती मागे सरकते. आमच्याकडे.

नदी गुरगुरते आहे, इथे वर ऐकू येतं. राखीने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. आईला विचारलं, भीती वाटते का. म्हणाली, "आता वरतीच हाय मी. नदी जिना चढून येनार हाय का?"

एक गोष्ट लिहितो, कोणी वाचणार नाही म्हणून. पाणी पुन्हा आलं तर, असं मनात आलं तेव्हा आधी खालचा पुरावा वाहून जाईल हे सुचलं. आई आणि राखी त्याच्यानंतर. असं का व्हावं?

मंगळवार, २६ ऑगस्ट

पाणी आलं नाही. सय्यदही आले नाहीत. पंचवटीकडे फार नुकसान आहे, तिकडे अडकले. दिवसभर रजा टाकून बसलो होतो.

बुधवार, २७ ऑगस्ट

आज गणपती बसले, गल्लीत कुणाकडेच धामधूम नाही. सर्व्हेअरना आज सुट्टी.

खालचा वास आता वरपर्यंत येतो. भिजलेल्या गव्हाला मोड आले आणि ते सडले. दिवाणातून रात्री खुडबुड ऐकू येते, उंदीर शिरलेत. शेजारच्या तिन्ही घरांनी धुऊन घेतलं, फिनेल टाकलं. आमचंच तेवढं तसं. येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावून बघतात. शहनाजभाभी, रहेमानभाईंच्या घरातून, रोज डबा पाठवतात. आज म्हणाल्या, "भूषणभाई, अम्मांना तरी आमच्याकडे झोपायला पाठवा." आईलाच ते नको. "माझं घर असताना?" म्हणाली.

ती रोज संध्याकाळी विहारात जाते. वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे, पावसाळ्याचे तीन महिने एक दिवस चुकवायचं नाही. जिना उतरते, चिखल तुडवते, नळावर पाय धुते, स्वच्छ पांढरी साडी सावरते आणि जाते. चिंधी रोज ओली होते, रोज बदलते.

राखी गॅलरीत फोनवर कुणाशी तरी बोलत होती. "दोन खोल्या असल्या तरी चालतील, पण वरचा मजला हवा. लिफ्ट बघा." तिच्या कुणा मैत्रिणीसाठी असावं. आपल्या घरात हे एवढं चाललेलं असताना हिला लोकांच्या खोल्या सुचतात.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

सय्यद रविवारी सकाळी नक्की येणार. मी त्यांना जवळजवळ हात जोडले फोनवर.

आईला काल रात्रीपासून कणकण आहे. जिना चढून-उतरून पोटऱ्या धरल्या आहेत, हात लावू देत नाही. डोळे लाल झालेत. विहारातले दिवे मंद आहेत, त्यात इतका वेळ बसायचं, मग दुसरं काय होणार? तापाची गोळी दिली. उतरला.

राखी म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. म्हणालो, गोळीने उतरलाय. रविवार होऊन जाऊ दे.

शनिवार, ३० ऑगस्ट

ताप पुन्हा चढला. आई आज विहारात गेली नाही. भात दोन घास खाल्ला, तोही उलटून पडला. दिवसभर तिने लघवीला खाली जायचं नाव काढलं नाही. मला वाटलं, चला, तेवढाच चिखलाचा त्रास वाचला.

उद्या अकरा वाजता सर्व्हेअर.

रविवार, ३१ ऑगस्ट

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. आई आत आहे.

सकाळी राखीने मला हलवून उठवलं. "आईंचे डोळे बघा." लाल नव्हते. पिवळे होते. आई मला ओळखत होती पण बोलताना थांबत होती. राखीने एका हाताने साडी गुंडाळली, दुसऱ्या हाताने फोन लावला. रहेमानभाई आपली गाडी घेऊन दारात आले. आम्ही आईला खुर्चीत बसवून जिन्यातून उतरवलं. हॉलमधून नेताना खुर्चीचे पाय चिखलात रुतले, ओढून काढावे लागले.

गाडीत बसताना राखी म्हणाली, "चला."

मी घड्याळ बघितलं. ते तिने पाहिलं.

"तुम्ही पुढे व्हा," मी म्हणालो. "तो येऊन जाऊ दे. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. आज चुकला तर पुन्हा कधी येईल काय माहीत. मी लगेच मागून येतो."

राखी काहीच बोलली नाही. बोलली असती तर मी गेलो असतो, असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही. तिने दार ओढून घेतलं आणि रहेमानभाईंनी गाडी काढली.

सय्यद साडेअकराला आले. तिशीतला मुलगा, गमबूट घातलेले, गळ्यात ओळखपत्र. दारात पाऊल टाकलं आणि थबकले. नाकावर मास्क ओढला. एकेक टॅग वाचत फिरले, फोटो घेतले, भिंतीला टेप लावला. मी मागे मागे, मोबाइलमधले फोटो दाखवत. ते म्हणाले, "हे फोटो कधीचे?"

"पाणी उतरलं त्या सकाळचे."

"चांगले आहेत. सगळं आहे यात." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "पण साहेब, हे घर अजून साफ का नाही केलं?"

"तुम्ही बघायला हवं ना. क्लेमसाठी."

"फोटो काढून ठेवायचे, खराब वस्तू एका बाजूला जमा करायच्या आणि घर धुऊन घ्यायचं. नुकसान वाढू नये याची काळजी घ्यायची असते, तसं पॉलिसीतच लिहिलेलं आहे. राहतं घर आहे हे. तुम्हाला कुणी सांगितलं असं ठेवायला?"

मी म्हणालो, "फोनवर..." ती बाई फक्त टाकून देऊ नका म्हणाली होती. आणि रहेमानभाईंनी त्या दिवशी एकही फोटो काढला नव्हता, हे मला माहीत होतं. मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि माझा नियम केला.

"काळजी करू नका," सय्यद म्हणाले, "क्लेमला काही अडचण दिसत नाही. बांधकाम आहेच, आणि सामानही ठरलेल्या मर्यादेपर्यंत धरलेलं आहे."

मी विचारलं, "आईला दवाखान्यात नेलंय. ते यात येतं का?"

"नाही. ही घराची पॉलिसी आहे." त्यांनी टेप गुंडाळला. "काय झालंय त्यांना?"

मी गाडीची किल्ली शोधत होतो.

मंगळवार, २ सप्टेंबर

लेप्टो. पुराच्या पाण्यात, चिखलात उंदरांची लघवी मिसळते, ते जखमेतून अंगात जातं. किडन्यांनी काम थांबवलंय, म्हणून डायलिसिस. डॉक्टरांनी विचारलं, "पुरानंतर चिखलात वावर होता का?"

मी तोंड उघडायच्या आत राखी म्हणाली, "रोज."

"साफ केलं नव्हतं?"

राखीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाही," म्हणाली. बस, एवढंच. मी कुठे लपू असं झालं.

सर्व्हेअर काय म्हणाला ते मी तिला सांगितलेलं नाही. तिने विचारलं, "झालं का त्याचं काम?" मी "झालं" म्हणालो.

बुधवार, ३ सप्टेंबर

आईला धाप लागली आहे. ऑक्सिजन. काचेतून बघू देतात. तिचा पाय पांघरुणाबाहेर होता, पट्टी बांधलेला. मी तिथून हललो नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

पुन्हा डायलिसिस झालं. डॉक्टर म्हणाले, "थोडी लघवी होऊ लागली आहे, हे चांगलं लक्षण आहे." माणूस कशाकशाने आनंदतो!

कपडे न्यायला घरी गेलो. दार उघडं. आत गेलो तर फरशी. आमच्या फरशीचा रंग मी विसरलो होतो. रहेमानभाईंनी वर्कशॉपचा पाण्याचा पंप आणला होता, विहारातल्या बायकांनी खराटे मारले होते, शहनाजभाभी ब्लीचिंगची पावडर टाकत होत्या. साळूबाई, आईच्या शेजारी वाचनाला बसतात त्या, उंबरा घासत होत्या. मला म्हणाल्या, "विठाबाई आल्यावर तिला घर कसं आरशासारखं दिसलं पायजे."

आणि माझ्या मनात पहिला प्रश्न कुठला यावा? टॅग कुठे टाकले यांनी.

रहेमानभाई पंप बंद करून जवळ आले. "भूषण, मीच बोललो होतो तुला. मला काय माहीत यार..." त्यांचे डोळे भरले. मी म्हणालो, तुमचा काय संबंध. त्यांचा नव्हताच. ते एकदाच बोलले होते. घरात तीच गोष्ट रोज बोलणारा मी होतो.

सोमवार, ८ सप्टेंबर

आईला वॉर्डात आणलं. आवाज अगदी बारीक झालाय. पेज चमच्याने घेते.

राखी खाली औषधं आणायला गेली होती तेव्हा आईला सांगून टाकलं. साफ केलं असतं तरी चाललं असतं, आई. सर्व्हेअरच म्हणाला.

आईने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तू म्हनला हात लावू नको. म्हनून नाय लावला."

"हो."

"राखी लय मागं लागली व्हती. तू कामाला गेला की दोघी मिळून काढू म्हनली. मीच नाय म्हनले. पोराचं मन मोडायचं नाय." तिने श्वास घेतला. "तिला सांग. मला नगं सांगू."

रागावली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

राखीला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. सगळं, सर्व्हेअरचे शब्द जसेच्या तसे. वाटलं होतं ओरडेल. ती दोन पायऱ्या खाली उभी होती, पाठीला भिंत लावून. म्हणाली, "फोटो पुरेसे आहेत, हे मी तुम्हाला पहिल्या शनिवारी सांगितलं होतं." मग म्हणाली, "आईंना त्या घरात न्यायचं नाही. सम्यकालाही नाही. मी फाट्यावर दोन खोल्या बघितल्यात, दुसरा मजला. तुम्ही येणार असाल तर या."

म्हणजे त्या खोल्या आमच्यासाठी होत्या. मला हे आत्ता कळतंय.

रविवार, १२ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी डायरी उघडली. आम्ही फाट्याच्या खोल्यांत आहोत. आई काठी घेऊन चालते, लिफ्टमध्ये बसायला तिला आवडतं. सम्यका येवल्याहून परत आली, इथल्या शाळेत रुळली. वर्षावासाचा शेवटचा दिवस आईने चुकवला नाही, रहेमानभाईंनी गाडीतून नेलं आणि वाचन संपेपर्यंत बाहेर थांबले.

क्लेम मंजूर झाला. मेसेज आला तेव्हा मी कंपनीत होतो, गेज हातात. वाचला, खिशात ठेवला आणि पुढचा पीस तपासायला घेतला. त्यातून प्लास्टर, वायरिंग, दारं झाली. फिकट पिवळा रंग दिला. घर आता नव्यासारखं दिसतं. ओल अजिबात कळत नाही.

भाडं आणि हप्ता दोन्ही सुटेना, म्हणून विकायचं ठरवलं. राखी त्याबद्दल उत्साहाने बोलते, पण माझ्याशी बोलताना अजून शब्द मोजते. चहा देते, कप ठेवते, जाते.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज गिऱ्हाईक आलं होतं.

एजंट राजने आधीच येऊन मला बाजूला घेऊन सांगितलं. "त्यांनी विचारलं तर म्हणायचं, पाणी गल्लीत येतं. गल्लीत येतंच ना? खोटं थोडंच आहे. पार्टी चांगली आहे, आजच टोकन देतील."

केरू नावाचा मुलगा, सातपूरला कारखान्यात कामाला, मूळचा सुरगाण्याकडचा. सोबत बायको, दिवस भरत आलेले, चालताना कमरेवर हात ठेवून. दोघं खोल्याखोल्यांतून फिरली. आईच्या खोलीत ती थांबली आणि खिडकी उघडून बघितली. "पाळणा इथं बसंल," केरूला म्हणाली. तो हसला.

मग ती राखीकडे वळली. "ताई, पावसाळ्यात घरात पाणी येतं का इथं?"

राज माझ्याकडे बघायला लागला. राखीचा चेहरा मला दिसत होता. हे घर विकलं जावं म्हणून ती गेला महिनाभर रोज कुणा ना कुणाला फोन करते आहे. ती "नाही" म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता. ती माझ्याकडे बघत राहिली, गाडीत बसताना बघितलं होतं तशी.

मी भिंतीजवळ गेलो. नव्या रंगावर स्विचबोर्डाच्या वर तळहात टेकवला. "येतं," म्हणालो. "इथपर्यंत. या ऑगस्टमध्ये आलं होतं. माझी आई त्यातून मरता मरता वाचली."

राज मोबाइल काढून बाहेर गेला. केरूने बायकोचा हात धरला. जाता जाता ती राखीला म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, ताई." केरूने दारातून एकदा मागे वळून बघितलं. त्याला हे घर परवडत होतं, दुसरं कुठलं परवडेल कोण जाणे.

आम्ही कुलूप लावून निघालो. राखी गाडीवर मागे बसली. हप्ता, भाडं, पुढचा पावसाळा, सगळं माझ्या डोक्यात एकदम फिरत होतं. तिला काय वाटत असेल, विचारायचं धाडस होईना. पुलावर आलो. खाली नासर्डी, एवढीशी, कडेला कचरा.

"इथपर्यंत नव्हतं," राखी मागून म्हणाली.

"काय?"

"तुम्ही हात लावलात ना भिंतीला. त्याच्याही वर गेलं होतं. थोडाच वेळ, मग उतरलं. डाग खाली राहिला, म्हणून तुम्हाला तेवढंच माहीत आहे. आई जिन्यात बसल्या होत्या, त्यांना पुढची पायरी चढवेना, आणि पाणी त्यांच्या मांडीला लागलं होतं. मी त्यांच्या काखेत हात घालून..."

ती थांबली.

मी गाडी पुलाच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"सांग," मी म्हणालो.

ती सांगत गेली.